आमची वाटचाल: दुकानातून मैदानावर

आमचा मूळ धंदा खेळाच्या सामानाचा. इंदूरमध्ये हे दुकान चालायचं ते क्रिकेटवर, आणि त्यात नवल काही नाही. सी. के. नायडू, मुश्ताक अली यांचं हे शहर, होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. बेसबॉलचं सामान मागायच्या त्या फक्त शाळा, शालेय स्पर्धांच्या तोंडावर. ग्लोव्ह्ज, बॅटी, कॅचरचा (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणाऱ्याचा) मास्क, चेस्ट गार्ड, बेस (धावताना गाठायच्या चौकोनी गाद्या) असा सेट आम्ही पोहोचवायचो.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेलं की बॉल जवळजवळ कोरे. लाल शिवणीवर मातीचा डागही नाही. सराव बघायला थांबलो तेव्हा कारण कळलं. सर बॉल टाकतात, एक मुलगा बॅट फिरवतो, बाकीचे पंधरा जण उन्हात उभे. निम्मे बॉल कॅचरच्या मागे जातात, ते आणण्यात वेळ जातो. तासाभरात एकेका मुलाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच फटके. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघेही हा खेळ खेळलेलो. सामान देतो तर सराव कसा घ्यायचा हेही आपणच शिकवायला हवं, असं ठरवलं आणि प्रशिक्षणाचं काम सुरू झालं.

आमची पद्धत साधी आहे: कोणी रांगेत उभं राहायचं नाही. सोळा मुलं असली तर चार गट, दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. एका ठिकाणी टीवरचा, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावरचा, बॉल जाळीत मारायचा, दुसरीकडे जोडीदाराने बाजूने हळूच उडवलेला बॉल, तिसरीकडे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल, चौथीकडे बेसवरची धाव. टीवर दहा मिनिटांत एक मुलगा सहज दहा-बारा फटके मारतो, आणि त्याच्या कमरेचं वळण, पुढचा पाय, डोकं, सगळं सरांना निवांत बघता येतं.

टी सुरुवातीला बाहेरून मागवत होतो, महाग पडायची. मग सांवेर रोडवरच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पाया आणि खाली-वर होणारा पाइप करून घेतला, वर गाडीच्या रेडिएटरच्या होजचा तुकडा बसवला. बॅट टीला लागली तरी हाताला झटका बसत नाही. आज ही टी आमचं सगळ्यात जास्त खपणारं सामान आहे.

क्रिकेट खेळलेली मुलं उंच झेल सुरेख घेतात. अडचण जमिनीवरच्या बॉलची. ती सवयीने गुडघा टेकून बॉल अडवतात. क्रिकेटमध्ये ते बरोबरच, पण इथे बॅटर पहिल्या बेसकडे सुटलेला असतो. अंतर ९० फूट, उठून फेकायला वेळच उरत नाही. म्हणून आम्ही आधी ग्लोव्ह काढूनच घेतो. टेनिस बॉल, पाय फाकवलेले, बूड खाली, दोन्ही हात शरीराच्या पुढे. बॉल हातात आला की तो छातीशी घेत उजवा पाय पुढे टाकायचा आणि फेकायचं. हे अंगात मुरलं की मगच ग्लोव्ह. बॅट हातात घेऊन पळण्याची सवयही अशीच चिवट. त्यासाठी होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिथून मारतो त्या जागेच्या, बाजूला जुना टायर ठेवतो, बॅट त्यात टाकूनच पळायचं, आणि पहिल्या बेसवर थांबायचं नाही, तो तुडवून सरळ पुढे जायचं.

एका शाळेने सांगून टाकलं, ‘अहो, रोज मॅचच घ्या, मुलं कंटाळतात.’ करार गेला. तरी आम्ही पद्धत बदलली नाही. शेवटची पंधरा मिनिटं मात्र खेळाचीच असतात: पहिल्या बेसवर रनर, एक आउट, बॉल शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडे), आता कुठे फेकणार? उंच बॉलखाली दोघे धावले तर ‘मेरा, मेरा!’ असं ओरडलंच पाहिजे, नाहीतर टकरा होतात.

डावखुऱ्यांचा ग्लोव्ह उजव्या हातात बसतो. शाळा सगळे एकाच बाजूचे मागवतात आणि डावखुरी मुलगी उलटा ग्लोव्ह घालून धडपडत राहते. म्हणून आमच्या प्रत्येक सेटमध्ये डावखुऱ्यांसाठी दोन ग्लोव्ह्ज असतातच, मागितले नसले तरी.

सेटसोबत एक वहीही देतो, पिचरचे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचे, बॉल मोजायला. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलच्या अमेरिकन संघटनेच्या नियमाप्रमाणे ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसात ८५ पेक्षा जास्त बॉल टाकायचे नाहीत, आणि ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. एकच चांगला पिचर असला की शाळा त्यालाच रोज राबवते, तिथे आम्ही भांडतो. वाढत्या वयातला खांदा आणि कोपर पदकापेक्षा मोठे.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, बॉल कसाही उसळतो. म्हणून ग्राउंडरच्या पट्ट्यावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवतो. पावसाळ्यात मैदान चिकट होतं, तेव्हा हॉलमध्ये टी, जाळी आणि टेनिस बॉल. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉल परत येतंय, त्यामुळे पालकांची विचारपूस वाढली आहे. यंदा शाळांच्या क्रीडाशिक्षकांसाठी रविवार सकाळचं शिबिर सुरू करतोय. फी घेणार नाही. टी, जाळी आणि बॉल आमचे, सरांनी फक्त बूट घालून यावं.