काच हिरवी झाली की लगेच "एक सकर टाका"?

क्रॉफर्ड मार्केटला विचारा, कुर्ल्याला विचारा नाहीतर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही छोट्या दुकानात विचारा की माशांच्या टँकला शेवाळ लागतंय काय करू, उत्तर ठरलेलं असतं, "एक सकर टाका ना, सगळं साफ करून टाकेल." आणि सकर माशाचं बोटाएवढं काळपट ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू पिशवीत बांधून मिळतं. ते गोंडस दिसतं हे मान्य, पण हाच सकर नीट जगला तर फूट-सव्वा फूट लांब होतो आणि आपल्या मुंबईच्या हॉलमधला टँक असतो 2 फुटी, म्हणजे जेमतेम 55 लिटर पाणी. त्यात तो वळणार कुठे? बरं लहान असताना शेवाळ चाटतो पण मोठा झाला की त्याचा इंटरेस्ट संपतो, मग माशांसाठी टाकलेलं खाणंच ओरपतो, आणि रात्री कधीकधी गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर ओढतो. वर हगतो किती ते विचारूच नका. ती घाण पाण्यात विरघळून नायट्रेट वाढतं, म्हणजे शेवाळाला खतच.

मग लोक काय करतात तर बादलीत घालून तलावात सोडून येतात, पुण्य केल्यासारखं तोंड करून. प्लीज नका करू. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, आपल्याकडे कितीतरी नद्या-तलावांत असाच पसरलाय, पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात तर मत्स्यशेतीवाल्यांच्या डोक्याला ताप झालाय, अंगावरच्या कडक काट्यांनी जाळी फाटतात ती वेगळीच. दुकानदाराला परत द्या, बरेच जण घेतात.

माझं म्हणणं एवढंच की मासा निवडायच्या आधी शेवाळ कुठलं आहे ते बघा. नवीन टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी पावडरसारखा थर येतो ते डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ, बोटाने पुसलं तरी जातं आणि बऱ्याचदा आपोआप कमी होतं. पाणीच हिरवं झालं असेल तर ते पाण्यात तरंगणारं शेवाळ, त्याला कुठलाच सकर काही करू शकत नाही, तीन-चार दिवस लाइट बंद करून टँक झाकून ठेवा. निळसर हिरवी चिकट चादर पसरलीय आणि वास मारतोय? ते खरं शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया म्हणजे एक प्रकारचे जिवाणू आहेत, खाणारा मासा शोधत बसू नका, हाताने काढा आणि पाणी बदला.

आणि लाइट! रात्री पाहुणे येणार म्हणून सकाळपासून बारा-बारा तास लाइट चालू ठेवणारे लोक मी बघितलेत. 6 ते 8 तास पुरे, साधा टायमर लावून टाका. दुसरा घोळ वास्तूचा, टँक ईशान्येलाच हवा, आणि ईशान्येला नेमकी खिडकी, सकाळचं ऊन थेट पाण्यात, मग गुरुजींना दक्षिणा देणारे आपण आणि शेवाळ खरवडणारेही आपणच.

एवढं करूनही मासा हवाच असेल तर 2 फुटीसाठी माझी पहिली पसंती ब्रिसलनोज प्लेको. दिसायला सकरचाच भाऊ पण साधारण 12 सेंमीला थांबतो, नराच्या तोंडावर मिशांसारखे फुटवे येतात म्हणून हे नाव. टँकमध्ये एक लाकडाचा तुकडा ठेवा, त्याला तो खरवडायला आवडतो, आणि काकडीची चकती रात्री टाकून सकाळी काढा, आपल्या उकाड्यात तशीच राहिली तर पाणी नासतं. एकच ठेवा हां, दोन नर असले की जागेवरून भांडतात.

ओटोसिंक्लस म्हणजे ओटो, दीड-पावणेदोन इंचाचा, भयंकर गोड, झाडांच्या पानांवरचा मऊ थर तोच नीट साफ करतो. पण गंमत अशी की डायटम येतात नव्या टँकला आणि ओटो नव्या टँकमध्ये टिकत नाही, त्याला चांगला मुरलेला, म्हणजे काही महिने चाललेला टँक लागतो. शिवाय हे बहुतेक नदीतून पकडून आणलेले असतात, प्रवासात उपाशी राहतात, त्यामुळे दुकानात पोट बघा, आत गेलेलं असेल तर घेऊ नका. पाच-सहा एकत्र घ्या आणि मे महिन्यात एअर पंप बंद ठेवू नका, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

काळ्या दाढीसारखं केसाळ शेवाळ असेल तर ते मनापासून खाणारा म्हणजे सियामीज अल्गी ईटर, पण तो 15 सेंमीपर्यंत जातो, 3 फुटी टँक असेल तरच. आणि इथे फसवणूक फार, मुद्दाम नसेलही, दुकानदारालाच फरक माहीत नसतो. खऱ्या सियामीजची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि बाकीचे पर बिनरंगी. त्याच नावाखाली चायनीज अल्गी ईटर खपवतात, सोनेरी रंगातही येतो, तो मोठा झाला की गुंड होतो आणि बाकीच्यांना पळवून पळवून हैराण करतो.

खरं सांगू का, मला विचाराल तर माशापेक्षा नेराइट गोगलगायी बऱ्या. काचेवरचे ते हट्टी हिरवे ठिपके खरवडतात, गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं जगत नाहीत म्हणून टँकभर गोगलगायी व्हायची भीती नाही. फक्त लाकडावर पांढरी तिळाएवढी अंडी चिकटवून ठेवतात, ती मला आवडत नाहीत, पण चालवून घेते. आपलं नळाचं पाणी तलावाचं, त्यात कॅल्शियम फार नसतं, शंख झिजायला लागला तर फिल्टरमध्ये थोडे शिंपल्याचे तुकडे टाका. आणि माशांना औषध घालायच्या आधी बाटली वाचा, कॉपर असेल तर आधी गोगलगायी बाहेर काढा, त्या मरतात त्याने.