गोमुखाला जाताना झाला गावात थांबा

उत्तरकाशीहून गंगोत्रीला जाताना सुक्खीचा चढ संपवून खाली उतरलं की झाला नावाचं गाव लागतं. गंगोत्रीच्या गाड्या तिथे सहसा थांबत नाहीत. मी ड्रायव्हरदादांना उत्तरकाशीतच सांगून ठेवलं होतं, इथे अर्धा तास हवाच.

गंगनानीच्या बाजूला भागीरथी अरुंद घळीतून आदळत वाहते. झाल्याच्या पुढे दरी एकदम ऐसपैस होते. पात्र वाळू-गोट्यांत अनेक धारांनी पसरलेलं, दोन्ही अंगांना देवदार. शाळेत घोकलेली ‘यू’ आकाराची दरी ती हीच! गोमुखाची हिमनदी एके काळी इथवर, म्हणजे आजच्या मुखापासून (बर्फ संपतो त्या टोकापासून) सुमारे ४० किलोमीटर खाली आली होती.

पुरावा म्हणजे हिमोढ, हिमनदीने वाहून आणून टाकलेला दगडमातीचा ढीग. नदीने आणलेले गोटे गोलसर असतात, थराथरांनी बसतात. बर्फ निवडानिवड करत नाही. पिठासारखी माती, खडी आणि खोलीएवढा धोंडा एकाच ढिगात टाकून जातो. अशाच एका धोंड्याला देवदाराच्या मुळांनी विळखा घातला होता. हात फिरवला तर कडा अजून बोचत होत्या. पण दरडीचा ढीगही असाच दिसतो, म्हणून एका ढिगावरून निकाल देऊ नका. दरीच्या कडेने लांब धावणारा बांध शोधा.

तो गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासाला अगदी स्पष्ट दिसतो. आजच्या बर्फाच्या कितीतरी वर, उतारावर राखाडी बांध उभे आहेत. १९३५ मध्ये ऑडेन या भूशास्त्रज्ञांनी गोमुखाचा नकाशा केला. तेव्हापासून मुख किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. मी तिथे बराच वेळ नुसती बसून होते.

आता कामाचं. गोमुखासाठी वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला मोजक्याच लोकांना मिळतो, तेव्हा तो आधी काढा, ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा. गंगोत्रीपासून चिरबासा ९, भोजबासा १४, गोमुख १८ किलोमीटर. हर्षिल किंवा गंगोत्रीत एक रात्र जास्त काढा, उंची अंगवळणी पडते. चिरबासाच्या पुढे गिला पहाडाखालून दगड सुटतात. तो टप्पा सकाळीच आणि न रेंगाळता पार करा. मुखाच्या अगदी जवळ जाऊ नका, बर्फाचे कडे कोसळतात. पावसाळा टाळाच: ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगंगा ओढ्याच्या लोंढ्यात याच रस्त्यावरच्या धराली गावाचा बाजार गाडला गेला. निघण्याआधी रस्त्याची चौकशी उत्तरकाशीत करा, आणि रोख पैसे तिथूनच घ्या.