बे-लीफ फार्महाउस: काजळीवरून वाचायचं घर

लंडन व्हिक्टोरियाहून चिचेस्टर रेल्वेने साधारण दीड तास. तिथून मिडहर्स्टची ६० क्रमांकाची बस सिंगलटनला सोडते. तिथल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात ठिकठिकाणची जुनी घरं उकलून आणून पुन्हा उभी केली आहेत. वेळ कमी असेल तर बाकीचं राहू द्या, बे-लीफ गाठा. हे शेतघर मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथे बाउ बीच जलाशय होणार म्हणून १९६८-६९ मध्ये ते सुटं करून काढलं. सांगाडा ओकचा, सांधे कूस-खाचेचे आणि लाकडी खुंट्यांचे, त्यामुळे ते शक्य झालं.

आत शिरण्याआधी समोरून नीट बघा. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले, मधला भाग मागे, पण छप्पर एकच. मधल्या भागावर वळचण अधांतरी राहते. तिला दोन्हीकडून बाकदार तिरपे टेकू दिले आहेत. वीस-पंचवीस पावलं मागे गेलात की ही रचना डोळ्यांत भरते.

दार उघडतं ते आडव्या बोळात. एका हाताला कोठाराच्या दोन खोल्या, दुसऱ्या हाताला दोन खणांचा, थेट छपरापर्यंत उघडा दिवाणखाना. मधोमध जमिनीवर आगटी, धुराडं नाही. म्हणूनच वर मजला घालता येत नव्हता: धूर कौलांच्या फटींतून आणि बिनकाचेच्या खिडक्यांतून वाट काढायचा. मान वर करून आधी वासे बघावेत. आगटीवरचे काजळीने काळे, टोकाच्या खोल्यांवरचे उजळ. पुढे अशा घरांत धुराडी आली, दिवाणखान्यांवर मजले पडले, पण काजळी पुसली गेली नाही. मूळ आराखडा ओळखायला याहून चांगला पुरावा मिळत नाही.

छपराला आढं नाही, याचं आपल्याला नवल वाटतं. वाशांच्या जोड्या टोकाशी एकमेकींत अडकवलेल्या. त्या ओळीने कलंडू नयेत म्हणून प्रत्येक जोडीला सांधणाऱ्या आडव्या दांड्यांखालून एक लांब तुळई जाते आणि तिला मधल्या तुळईवरचा उभा खांब पेलतो. दिवाणखाना नि कोठाराची बाजू १४०५ ते १४३० मधली, मालकाच्या खोल्यांची बाजू १५०५ ते १५१० मधली. लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून हे ठरवलंय.

ओक ओलाच कापून वापरत. सांध्याची भोकं मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर चुकवून पाडायची, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आवळला जातो. लाकूड सुकताना मात्र आकसतं, वाकतं आणि भिंतीच्या कडेला फट पडते. ही भिंत म्हणजे कोकणातल्या कुडासारखीच: ओकच्या काठ्या, त्यांत विणलेल्या फांद्या, वर माती, शेण नि चिरलेल्या पेंढ्याचं लिंपण. फट पडली की तेच लिंपण पुन्हा भरायचं आणि चुन्याचा हात द्यायचा. अशा घरांवर विसाव्या शतकात अनेकांनी सिमेंट थापलं. सिमेंटला तडा जातो, पाणी आत शिरतं, बाहेर पडायला जागा नसते आणि सगळ्यात आधी जोत्यावरची तळतुळई कुजते. खांब खचू लागेपर्यंत बाहेरून काही कळतही नाही. इंग्लंडमध्ये इतरत्र असं घर पाहाल तेव्हा नजर आधी जोत्याकडे न्या.