आमची वाटचाल : तिसरं टेबल

शटर क्रमांक २७. आमच्याकडे कुणी घाई करायला लागलं की आजही हा आकडा निघतो.

४० शटरांचं, म्हणजे कपाटाच्या दारांचं काम होतं, भरीव लाकडाचं, पॉलिशचं. प्रत्येकाच्या चारही कडांना गोलाई द्यायची, म्हणजे १६० कडा. राउटर म्हणजे फिरत्या पात्याने लाकडाला कड किंवा खाच मारणारं यंत्र. तो हातात धरून कड मारताना त्याचा अर्धा तळ लाकडावर असतो आणि अर्धा हवेत. पहिल्या दहा-पंधरा शटरांना हात ताजा असतो, तोल सांभाळला जातो. सत्ताविसाव्याला हात भरून आले होते. कोपऱ्यावर आलो आणि राउटर बाहेरच्या अंगाला कलंडला. डोळ्याचं पातं लवायच्या आत बिटाने, म्हणजे त्याच्या फिरत्या पात्याने, कडेचा नखाएवढा तुकडा काढला. रंगकाम असतं तर लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेली असती, पण पॉलिशखाली लांबी लपत नाही. शटर नव्याने केलं, पदरमोड करून.

तेव्हा आम्ही तिघंच होतो. मी, धाकटा भाऊ आणि काका. काका म्हणजे आमचे थोरले मिस्त्री, वडिलांच्या वेळेपासूनचे. हिशेबाची वही बायकोकडे. तिने वहीत ‘वाया’ असा एक रकानाच पाडला होता आणि महिनाअखेरीला तो शांतपणे वाचून दाखवायची. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

भावाने सुचवलं, राउटर उलटा टांगू. हातातलं यंत्र लाकडावर फिरवण्यापेक्षा लाकूडच यंत्रावरून सरकवू. यात नवीन काहीच नव्हतं, राउटर टेबल ही जुनी गोष्ट आहे आणि तयारही मिळते. पण आम्ही पाहिलेली तयार टेबलं आमच्या लांब पट्ट्यांना आणि मोठ्या शटरांना तोकडी पडत होती. शिवाय सुताराने टेबल विकत आणायचं, हे काही मनाला पटेना.

“किती दिवस लागतील?” बायकोने विचारलं.

“दोन,” मी म्हणालो.

पहिलं टेबल खरोखरच दोन दिवसांत झालं. १२ मिमी प्लायला भोक, राउटरचा प्लास्टिकचा तळ काढून त्याच भोकांतून लांब स्क्रू, मागे एक सरळ पट्टी दोन क्लॅम्पने आवळलेली. गोलाई मारण्यापुरतं ठीक चाललं. पण प्लाय १२ मिमीचा, म्हणजे बिटाच्या उंचीतले १२ मिमी त्यातच गेले. खोल खाच मारायची तर बिट पोचत नाही. प्लाय पातळ करावा तर तो राउटरच्या वजनाने लवतो. टेबल जाड हवं आणि राउटर टांगायची जागा मात्र पातळ पण ताठ हवी, ही अक्कल तिथे आली. ते टेबल पुढे आम्ही डिंकाचे डबे ठेवायला वापरलं.

दुसरं टेबल दिसायला देखणं होतं. १८ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा), वर गुळगुळीत सनमायका, मधोमध राउटर टांगायला ६ मिमी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक प्लेट. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचो. महिन्या-दीड महिन्याने खणांचं काम आलं. खणाच्या चारही फळ्यांना आतून खाच मारायची आणि तळाचा प्लाय त्यात सरकवायचा, रोजचं काम. पण जोडताना तळ फळीच्या मध्यावर आधीच टेकायचा आणि कोपऱ्यांना सैल राहायचा. क्लॅम्प आवळला की फळी बाहेर फुगायची. आधी बिटाला दोष दिला, बिट बदललं. मग लाकडाला दिला. मग, खोटं कशाला बोलू, भावाला दिला, की तू नीट दाबून धरत नाहीस.

काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली पोलादी पट्टी टेबलावर उभी ठेवली, पलीकडे टॉर्च धरला आणि मला खाली वाकायला सांगितलं. पट्टीच्या दोन्ही टोकांना अंधार आणि मधे, नेमकी प्लेटच्या जागी, उजेडाची लांबट फट. काकांनी खिशातून एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. ते फटीतून आरपार सरकलं.

“तुझं टेबल नाही, परात आहे,” काका म्हणाले.

दोन चुका एकत्र झाल्या होत्या. सनमायका फक्त वरून लावला होता, खालची बाजू उघडी. उघड्या बाजूने एमडीएफ हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, झाकलेल्या बाजूने नाही, त्यामुळे फळा वाकतो. आणि अ‍ॅक्रिलिक सततच्या वजनाखाली हळूहळू बसत जातं. राउटर दिवसरात्र त्याला लटकलेला. मग लांब फळीचं मधलं अंग खड्ड्यावरून जाताना बिटापासून उचललेलं राहतं, खाच उथळ होते. टोकं मात्र खड्ड्यात उतरतात, तिथे ती खोल जाते. भावाचा हात शंभर टक्के बरोबर होता. मी त्याची माफी मागितली नाही, पुढचं टेबल त्याच्या मताने करायचं कबूल केलं. भावाभावांत तेवढं पुरतं.

तिसऱ्या टेबलाला आठ दिवस लागले, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

१८ मिमीचे दोन फळे एकमेकांवर चिकटवून ३६ मिमी जाडी केली आणि सनमायका वरून-खालून दोन्हीकडे लावला. खाली लाकडाच्या पट्ट्या उभ्या बसवल्या. आडवी पट्टी लवते, तीच उभी केली की ताठ राहते. प्रत्येक पट्टीची वरची धार काकांनी रंध्याने स्वतः सरळ केली आणि मधोमध अगदी कागदाएवढा फुगवटा ठेवला. “लवायचंच असलं तर फुगलेलं लवू दे,” एवढंच म्हणाले.

प्लेट ॲल्युमिनियमची घेतली. तिच्यासाठी टेबलात पायरी काढायची होती. आमची पहिली ओढ असते सगळं भोक आरपार कापून मोकळं व्हायची. तसं केलं की प्लेटला टेकायला काही उरत नाही. आम्ही प्लेटभोवती चार पट्ट्या घट्ट बसवून फर्मा केला, बेअरिंगच्या, म्हणजे फर्म्याला टेकून त्याच्या कडेने चालणाऱ्या बिटाने प्लेटच्या जाडीपेक्षा जराशी जास्त खोल खाच चौफेर मारली आणि मग जिगसॉने (विजेच्या बारीक करवतीने) आतला भाग कापला, कडेने २० मिमीची पायरी सोडून. पायरीत आठ छोटे स्क्रू. ते फिरवून प्लेट वर-खाली करायची. टेबलावरून प्लेटवर बोटाचं नख सरकवायचं, कुठेच अडलं नाही की झालं. हे काम भावाने एका संध्याकाळी चार वेळा केलं आणि चारही वेळा काकांचं नख अडलं. पाचव्या वेळी काकांनी नुसती मान हलवली.

उंची कमी-जास्त करायला राउटरखाली एम १० चा, म्हणजे १० मिमी जाडीचा, आटे पाडलेला रॉड बसवला. त्याचा आटा १.५ मिमीचा, म्हणजे एक फेरा फिरवला की बिट दीड मिमी वर. रॉडच्या टोकाला प्लायची चकती लावून तिच्यावर १५ रेघा आखल्या. एक रेघ म्हणजे ०.१ मिमी. आधी आम्ही टेबलाखाली डोकं घालून, एका हाताने राउटर उचलत ‘जरा वर, जरासा खाली’ करायचो. तो प्रकार थांबला.

फेन्सवरून, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या मागच्या सरळ पट्टीवरून मात्र भांडण झालं. काकांचं म्हणणं, फेन्स टेबलाच्या कडेला समांतरच हवा, दोन्ही टोकांना मोजून. वर्षानुवर्षं गुण्या लावून काम केलेला माणूस, त्याला तिरकं काही चालत नाही. टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर) हे खरंच आहे, तिथे फेन्स पात्याला समांतर नसेल तर लाकूड अडकतं आणि अंगावर येतं. पण राउटरचं बिट गोल फिरतं, त्याला पुढची-मागची बाजू नसते. फेन्स टेबलावर कसाही तिरका असो, महत्त्वाचं एकच, बिटापासून त्याचं अंतर किती. टेबलाशी तो उभा काटकोनात मात्र हवाच, नाहीतर खाच कलते. म्हणून आम्ही फेन्सचं एक टोक बोल्टवर खिळवलं आणि दुसरं मोकळं ठेवलं. बिट दोन्हींच्या मधोमध. मोकळं टोक १ मिमी सरकवलं की बिटापाशी फरक पडतो अर्ध्या मिमीचा. म्हणजे हाताची चूकही निम्मी होते. भावाने मोगरीने मोकळ्या टोकाला हलकीशी टिचकी मारली, तुकडा पुन्हा सरकवला आणि तो सांध्यात दाबून बसला. काकांनी तुकडा उलटसुलट पाहिला. “तिरका आहे तो आहेच,” म्हणाले आणि चहाला गेले. दुसऱ्या दिवसापासून मोगरी त्यांच्याच हातात असायची.

टेबल झालं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. एक मुलगा मदतीला ठेवला होता. त्याने एकदा डावीकडून लाकूड सरकवलं. उलट्या टांगलेल्या राउटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. फेन्सला टेकवून लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं, म्हणजे बिट त्याला विरोध करतं आणि फेन्सकडे दाबून ठेवतं. डावीकडून दिलं तर बिट ते ओढून घेतं. त्याच्या हातातून पट्टी निसटली आणि थेट समोरच्या भिंतीवर आदळली. बोटं वाचली ती केवळ पट्टी लांब होती म्हणून. त्या संध्याकाळी टेबलावर लाल रंगात हातभर बाण काढला. बारीक तुकड्यांना हात लावायचा नाही, ठोकळ्यानेच ढकलायचं. फेन्स आणि बिट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून लाकूड कधीच न्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

दुसरी चूक माझी. काम चालू असताना वीज गेली. राउटरचं बटण लॉक केलेलं, ते मी विसरलो आणि बिट बदलायला पाना घेऊन वाकलो. पाना लावायच्या आधीच वीज आली. त्यानंतर टेबलाला असा स्विच बसवला, जो वीज गेली की आपोआप पडतो आणि आल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही. आणि बिट बदलताना प्लग काढून सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवायचा. मालकानेही.

बिटांचं म्हणाल तर ६ मिमी दांड्याचं बिट पाव इंची कोलेटमध्ये, म्हणजे बिटाचा दांडा आवळून धरणाऱ्या पकडीत, बसतं असं वाटतं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. कितीही आवळा, ते चालताना सरकतं. आमची एक अख्खी रांग अशी गेली, पहिल्या पट्टीची खाच ८ मिमी खोल, शेवटच्या पट्टीची जवळजवळ १०. शिवाय बिट तळापर्यंत ठोसून आवळायचं नाही, दोन-तीन मिमी मागे घ्यायचं, नाहीतर कोलेट नीट पकडत नाही. आणि वेग. पॅनेलचं, म्हणजे दाराच्या मधल्या फळीची कड उतरवायचं, ८० मिमी व्यासाचं बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर चालवलं तर त्याची धार सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरने पळते. ते १०,००० च्या आसपासच चालवायचं. कमी वेगालाही ते असं गुरगुरतं की जवळ जाताना माणूस आपसूक सावध होतो.

भुशाचं दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. फेन्सच्या मागून पाइप लावला आणि टेबलाखाली बंद पेटी केली. पेटी इतकी चोख बंद केली की राउटर तापायला लागला, कारण त्याचा पंखा हवा मोटरीच्या शेपटाकडून ओढून बिटाकडे फेकतो. पेटीला खाली झडप ठेवल्यावर तो शांत झाला. मास्कवरून काका कुरकुरायचे. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. वहिनी रागावतील म्हणून माझ्या भावाने सांगितलं, त्याचा झाला.

धंद्याचं सांगायचं तर मोठी उडी वगैरे नव्हती. शटरं वेळेत जायला लागली, एवढंच. मग एका शेजारच्या वर्कशॉपने चौकटीच्या पट्ट्या आमच्याकडून मारून घेतल्या, कारण पहिली आणि साठावी पट्टी एकसारखी निघत होती. मग फ्रेमच्या पट्ट्या. मग चौकट-पॅनेलची दारं, ज्यांना आम्ही आधी हात जोडून नाही म्हणायचो. त्यात चौकटीच्या आडव्या पट्टीची टोकं आधी मारायची, लांब कडा नंतर, म्हणजे टोकाला उडालेली कपची पुढच्या कापात निघून जाते. हे शिकायला आम्हाला एक दार घालवावं लागलं. कोटेशन देताना आता मी छातीठोकपणे तारीख सांगतो. वहीतला ‘वाया’चा रकाना अजून आहे, पण बायको तो वाचून दाखवत नाही, नुसती वही पुढे सरकवते.

तिघांचे आम्ही सात झालो. जागा बदलली तेव्हा टेबल चौघांनी उचललं आणि काका पुढे चालत ‘दाराला लागेल, दाराला लागेल’ करत होते. आता सकाळी त्या टेबलापाशी रांग लागते. गोलाईवाला थांबतो, खाचवाला थांबतो, प्रत्येक वेळी बिट आणि फेन्स बदला. आणखी एक टेबल करावं, एकाला कायमचं पॅनेलचं बिट लावून ठेवावं आणि दुसरं बाकी कामाला मोकळं असावं, असं सगळ्यांचं मत पडलं. मी बायकोला विचारायला गेलो.

“किती दिवस?” तिने वही उघडली.

“या वेळी सगळं माहीत आहे. चार.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वहीत दहा लिहिले आणि पान उलटलं.