तुम्ही विचारलंत म्हणून: सरांच्या आठवणी कागदावर बेचव का होतात?

शाळेचा सुवर्णमहोत्सव किंवा अमृतमहोत्सव जवळ आला की माजी विद्यार्थ्यांची समिती होते, समितीतल्या कुणा एकाच्या गळ्यात स्मरणिका पडते आणि महिन्याभरात त्याचा मला फोन येतो. प्रश्न ठरलेला असतो. "सगळ्यांना सर आणि बाईंच्या आठवणी लिहून पाठवा म्हटलं. 40 लेख आले, पण सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे. हीच मंडळी चहाला जमली की त्याच सरांवरून हसून हसून मुरकुंडी वळते. मग कागदावर काय बिघडतं?"

बिघडतं ते आवाहनातच. "300 शब्दांत आठवण पाठवा" असं म्हटलं की माणूस टेबलाशी ताठ बसतो आणि निरोपसमारंभाचं भाषण लिहायला घेतो. मग सर शिस्तप्रिय पण प्रेमळ होतात, फणसासारखे होतात, बाई दुसरी आई होतात. हे सगळं खरंही असेल, पण या मजकुरातलं सरांचं नाव खोडून दुसऱ्या सरांचं घातलं तरी काही बिघडत नाही. लेख ठेवायचा की परत पाठवायचा हे ठरवायला मी हीच कसोटी लावतो: नाव बदलून बघा. लेख तरीही चालला, तर तो त्या सरांचा नव्हेच.

म्हणून लेख मागवू नका, प्रश्न पाठवा. एका वेळी पाच-सहा, आणि एका ओळीत उत्तर देता येईल असेच. सर वर्गात शिरायच्या आधी काय ऐकू यायचं: चपला, किल्ल्या, खोकला? फळ्यावर तारीख कुठल्या कोपऱ्यात घालायचे आणि फळा कशानं पुसायचे, डस्टरनं की तळहातानं? उत्तर चुकलं की तोंडून निघणारं पहिलं वाक्य कोणतं? तपासलेले पेपर वाटताना क्रम काय, जास्त मार्कांपासून खाली की उलटा? ऑफ पिरियडला आले तर काय करायचे? मधल्या सुट्टीत डबा कुठे बसून खायचे? आणि या सगळ्यांपेक्षा कामाचा प्रश्न: तुमच्या वर्गात सरांची नक्कल कोण करायचं?

तो नकलाकार शोधा. प्रत्येक बॅचला एक असतोच, आणि बहुतेक वेळा त्यानं लेख पाठवलेला नसतो, कारण लिहिणं हे हुशार मुलांचं काम असं त्याला अजून वाटतं. पण सरांचं बोलणं, थांबणं, चष्मा वर सरकवणं, "काय?" म्हणताना मान कुठल्या बाजूला जायची, हे सगळं त्याच्या अंगात साठलेलं असतं. त्याला लिहायला लावू नका, बोलायला लावा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा.

ध्वनिमुद्रणाला तीन-चार जण पुरेत, एकाच बॅचचे. दहा जण जमवलेत तर एक बोलतो, बाकीचे हसतात आणि नंतर ऐकताना नेमकं हसण्याखाली वाक्य गाडलेलं असतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका. टेबलावर घडी घातलेला नॅपकिन ठेवून त्यावर फोन ठेवा. नाहीतर कप ठेवल्याचे आणि मुठी आपटल्याचे आवाज शब्दांवर चढतात. पंखा सोसवत असेल तर बंद करा. सुरुवातीला प्रत्येकानं आपलं नाव आणि बॅच सांगायची, म्हणजे नंतर आवाज ओळखता येतात. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते पाच तास लागतात, हा हिशेब आधीच धरा. बोललेलं आपोआप टाइप करणारी सोय वेळ वाचवते, पण सरांच्या खास लकबी ती पुसते: सर विदर्भातले असतील आणि "काय करून राहिला रे" म्हणत असतील, तर ते तसंच हवं. "काय करतो आहेस" छापलंत की सर गेले.

बोलणं अडलं तर वर्गाचा जुना ग्रुप फोटो पुढे ठेवा. नाहीतर हजेरी म्हणायला लावा. पन्नाशीतल्या माणसाला स्वतःचा फोन नंबर आठवायला वेळ लागतो, पण हजेरीपटावर आपल्या आधीचं आणि नंतरचं नाव तो झोपेतही सांगतो. दहा नावं झाली की हजेरी घेणाऱ्या बाईंचा आवाज आपसूक येतो, आणि "प्रेझेंट" ऐवजी "हजर" म्हटल्यावर त्या काय म्हणायच्या तेही.

गांधीजींच्या आत्मकथेतला शाळेचा प्रसंग या बाबतीत उत्तम नमुना आहे. राजकोटच्या हायस्कुलात ते पहिल्या वर्षाला असताना जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले. त्यातला 'केटल' गांधीजींचा चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकानं खुणावलं, की शेजारच्याच्या पाटीवर बघ; पण मास्तर कॉपी थांबवायला आहेत अशीच या मुलाची समजूत, त्यामुळे ते त्याला कळलंच नाही. बाकी सगळ्यांचे पाचही शब्द बरोबर निघाले. साहेबाचं नाव, शब्दांची संख्या, चुकलेला शब्द, बुटाचं टोक, एवढ्यात तपासणीच्या दिवशीची मास्तरांची सगळी धडधड दिसते. याउलट टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट घ्या. महाराष्ट्रात ती सगळ्यांना पाठ आहे, पण आपण सांगतो तेव्हा त्यातले मास्तर कसे दिसायचे, काय शिकवत होते, पुढे काय म्हणाले, हे कुठेच येत नाही. ती गोष्ट टिळकांची आहे. मास्तर त्यात फक्त विचारण्यापुरते. स्मरणिकेकडे येणारे निम्मे लेख या दुसऱ्या जातीचे असतात: सरांच्या नावाखाली लेखकाच्या हुशारीची गोष्ट. सर शेवटी पाठ थोपटायला येतात.

विनोदी आठवणींत एक वेगळाच घोळ असतो. "बोथ ऑफ यू थ्री, गेट आउट." "ओपन द विंडो, लेट द एअर फोर्स कम इन." "द प्रिन्सिपल इज रिव्हॉल्व्हिंग इन द कॉरिडॉर." ही वाक्यं म्हणणारे पीटीचे सर सांगलीतही होते, नागपुरातही होते आणि देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही. सांगणारा खोटं बोलत नसतो. कुठेतरी ऐकलेलं वाक्य इतक्या वर्षांत आपल्या सरांच्या तोंडी जाऊन बसलेलं असतं. सरळ काटा. दुसऱ्याचं इंग्रजी आपल्या सरांच्या नावावर छापलं, तर ते वाचणारी त्यांची नात हसणार नाही. टोपणनावांचंही तसंच. हिटलर, दुर्वास, जमदग्नी प्रत्येक शाळेत आहेत, त्यातून काही कळत नाही. सवयीवरून पडलेलं नाव मात्र सोन्याचं. दर वाक्याला "म्हणजेच" म्हणणारे गणिताचे सर 'म्हणजेच' झाले, आणि हे नाव दहा वर्षांच्या अंतरानं दोन बॅचेसनी आपापलं म्हणून सांगितलं, तर ते पक्कं समजा. शरीरावरून, जातीवरून, व्यंगावरून पडलेली नावं कितीही गाजलेली असोत, छापायची नाहीत. उरलेली छापण्याआधी सरांना किंवा घरच्यांना विचारा. बहुतेक सरांना आपलं टोपणनाव माहीत असतं. आपल्याला माहीत आहे हे मुलांना कळू न देण्यात त्यांची सगळी नोकरी सरलेली असते.

मारावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त हशा तिथेच होतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, आणि स्मरणिका आजची मुलंही वाचतात. म्हणून छडीचे प्रसंग गाळा असं मी म्हणत नाही. पण छडीची गोष्ट सांगणारा बहुधा बघणारा असतो. ज्याच्या हातावर पट्टी बसली त्याला गाठा आणि त्याच प्रसंगाबद्दल विचारा. तोही हसला, तर छापा. तो गप्प झाला, तर तो विनोद नव्हता. आंबेडकरांनी लिहून ठेवलंय, की साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे, बसायचं गोणपाट घरून आणून रोज परत न्यावं लागे आणि शिपाई नसला की पाण्याविना राहावं लागे. तुमच्या शाळेतही मागच्या बाकावरच्या कुणाची आठवण वेगळी असू शकते. ती आली तर "स्मरणिकेचा सूर बिघडतो" म्हणून बाजूला सारू नका. फार तर नाव न घालता छापा, पण छापा.

आता पडताळणी. आठवणीत वर्ष नेहमी चुकतं, माणूस क्वचित. शाळेचं जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) आणि जुनी मस्टरं (हजेरीपुस्तकं) मुख्याध्यापकांच्या परवानगीनं बघायला मिळाली तर निम्मं काम होतं. नसेल तर मजकुरातच खुणा असतात. 1964 साली सातवीत असलेल्याच्या दप्तरात 'बालभारती'चं पुस्तक असू शकत नाही, कारण ती संस्थाच 1967 सालची. दहावीची पहिली शालान्त परीक्षा 1975 ची, त्याआधीचे जुनी अकरावीवाले, तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला असे. बाई आणे-पैंची गणितं घालत होत्या म्हणणाऱ्याचा काळ साधारण 1957 च्या आसपास किंवा आधीचा, कारण त्या वर्षी एप्रिलपासून दशमान नाणी आली. मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी शिकवणाऱ्या बाई आठवत असतील, तर ते 2000 नंतरचं.

नावांचा गोंधळ याहून मोठा. एका शाळेत तीन कुलकर्णी सर असतात, म्हणून आद्याक्षरं, विषय आणि वर्षं तिन्ही लिहून घ्या. "लहान कुलकर्णी" हे वयावरून की उंचीवरून तेही. बाईंचं लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं: आधीची बॅच एका नावानं ओळखते, नंतरची दुसऱ्या, आणि स्मरणिकेत एकाच बाईंची दोन वेगळी पानं निघतात. सगळ्यात वाईट चूक 'कै.'ची. "सर गेले ना रे मागंच" एवढ्या भरवशावर ते अक्षर लागतं आणि समारंभाच्या दिवशी सर पहिल्या रांगेत बसून स्वतःला वाहिलेली आदरांजली वाचतात. हे ग्रुपवर विचारून ठरवायचं नाही. घरी फोन करायचा.

संपादन मात्र सोपं आहे. आलेल्या प्रत्येक लेखाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद काढून टाका. पहिल्यात सोनेरी दिवस असतात, शेवटच्यात शतशः नमन. उरलेल्यातली विशेषणं काढा. 300 शब्दांचे 80 उरतात, ते छापा. मांडणी लेखकांप्रमाणे न करता शिक्षकांप्रमाणे करा: एका सरांखाली 20 वर्षांतल्या सहा जणांचे सहा तुकडे. 1971 च्या बॅचचे सर सायकलवरून धोतर सावरत येतात, 1986 च्या बॅचचे तेच सर स्कूटरवरून सफारीत. कुणी म्हणतं फार चिडायचे, कुणी म्हणतं आवाज कधी चढला नाही. दोन्ही राहू द्या. बाईंना पहिल्या वर्षी घाम फुटायचा आणि विसाव्या वर्षी नुसतं बघितलं की वर्ग गप्प व्हायचा, हे एका लेखात कधीच येत नाही. कापलेला मजकूर लिहिणाऱ्याला दाखवा. रुसतात काही जण, पण छापल्यावर रुसण्यापेक्षा आधी रुसलेलं बरं.

जुने फोटो फ्लॅश लावून टिपू नका. चौकटीतला फोटो बाहेर काढून 600 डीपीआयला स्कॅन करा. छपाईला 300 लागतात, म्हणजे दुप्पट मोठा करायला वाव राहतो. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, खिडकीच्या उजेडात, लाइट बंद करून, जरा तिरका धरून टिपा. व्हॉट्सॲपवरून मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर चेहऱ्यांचा लगदा येतो. ओळींची नावं 'बसलेले, डावीकडून' अशी आणि ज्याचं नाव सापडलं नाही तिथे मोकळी जागा. अंदाजानं नाव घालू नका.

छापखान्याचं थोडक्यात. डेमी आकार (नेहमीच्या पुस्तकाचा), 70 जीएसएमचा मॅपलिथो (साधा पांढरा छपाईचा कागद), फोटोंची पानं वेगळी आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत कागदावर. 16 पानांचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातला जाणारा पानांचा गठ्ठा, धरून पानं ठरवा: 96 बसली तर सहा फॉर्म, 98 झाली की दोन पानांसाठी जादा खर्च, तेव्हा अध्यक्षांचं मनोगत एका पानाचं करायला तेच कारण सांगा. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये (फोनवर टाइप होतं ते मराठी) आणि छापखाना जुन्या फॉन्टवर असेल तर बदल करताना रफार सरकतो, 'ऱ्या' आणि 'ॲ' फुटतात. 'सुऱ्या', 'दुसऱ्या', 'ॲडव्होकेट' हे शब्द प्रुफात मुद्दाम शोधा. मराठी शिकवणाऱ्या बाई वाचणार आहेत हे लक्षात असू द्या.

आणि हयात असलेल्या प्रत्येक शिक्षकाला त्यांच्यावरची पानं छपाईआधी पाठवा. 16 पॉइंटमध्ये, मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. स्मरणिकेतला 11 पॉइंट ऐंशीच्या पुढे वाचवत नाही. निदान 15 दिवस द्या. प्रसंगाबद्दल ते फारसं बोलणार नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ मात्र सगळे दुरुस्त होऊन येतील, आणि तीन-चार ठिकाणी समासात "हा तो नव्हे, त्याचा धाकटा भाऊ" असं लिहिलेलं असेल. ते बरोबर असतं. तेवढं बदला आणि मग छपाईला द्या.