तुम्ही विचारलंत म्हणून: मॅचच्या आधी आम्ही काय मागतो?

मॅचच्या आधी आमची पोरं गोल करून उभी राहतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि माना खाली घालतात. अर्ध्या मिनिटाचं काम. पण समोरच्या संघाचे सर, पालक, कधी कधी पंचसुद्धा नंतर बाजूला घेऊन विचारतात, "सर, तेव्हा देवाकडे जिंकायचंच मागता ना?" आणि त्याच्या पाठोपाठ, जरा संकोचून: ख्रिस्ती असण्याचा खेळात काही उपयोग होतो का?

मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात पोरांना व्हॉलीबॉल शिकवतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जिंकायचं मागत नाही. समोरच्या संघातही कोणी सकाळी उपासनेला जाऊन आलेलं असतं, कोणी मारुतीला नारळ बोललेलं असतं. देवाला त्या भानगडीत कशाला पाडायचं? कोणाला लागू नये, त्यांच्याही पोरांना लागू नये, आणि ज्याच्या हातून बॉल सुटेल त्याच्यावर आपण खेकसू नये, एवढंच मागतो. एक पोरगं दर वेळी पाऊस पडू नये म्हणून मागतं. त्याला मी अडवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी एक जुना धावफलक सांगतो.

१९४३ चा डिसेंबर, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना. संघ धर्मावर पाडलेले: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि पाचवा 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे कुठल्याच खान्यात न बसणारे त्यात. गांधीजींनी या धर्मवार क्रिकेटला उघड विरोध केला होता आणि मला विचाराल तर त्यांचंच बरोबर होतं. स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली ते बरंच झालं. पण त्या उरलेल्यांच्या संघात सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा खेळत होता, विजय हजारे. आणि त्याच्याबरोबर त्याचा भाऊ विवेक.

हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये संपला, त्यातल्या ५९ हजाऱ्यांच्या. फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावं लागलं. दुसऱ्या डावात निम्मा संघ लवकर बाद झाला आणि मग दोघं भाऊ एकत्र आले. सहाव्या गड्यासाठी त्यांनी ३०० धावा जोडल्या. विजय हजाऱ्यांनी एकंदर ३०९ केल्या, संघाच्या झाल्या ३८७. विवेकच्या २१. बाकीचे नऊ जण आणि अवांतर मिळून ५७.

मी पोरांना त्या २१ पाशी थांबवतो. तीनशेच्या भागीदारीत एकवीस! विचार करा, त्या माणसानं त्या दिवशी काय काय केलं नसेल. चांगला बॉल अडवला, सोडायचा तो सोडला, एक धाव काढून भावाला समोर आणलं आणि पुन्हा दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याच्यासाठी टाळ्या कोण वाजवणार? आणि तो लवकर बाद झाला असता तर ३०९ झालेच नसते. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं होतं की डोळा हाताला म्हणू शकत नाही, मला तुझी गरज नाही. हे वचन आमच्याकडे लग्नात, वर्धापनदिनाला, कुठेही वाचतात. मला ते त्या धावफलकात जास्त स्पष्ट दिसतं.

आता लगेच कोणी म्हणेल, म्हणजे विवेक ख्रिस्ती होता म्हणून तसा खेळला. तसं मी म्हणत नाही. त्याच्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. दुसऱ्यासाठी खपायचा मक्ता काही आमच्याकडे नाही. आमच्या मंडळ्यांच्या पंचांच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांच्या, निवडणुका एकदा बघाच, मग ख्रिस्ती माणूस आपोआप निःस्वार्थी होतो हा गैरसमज राहणार नाही. खुद्द येशूच्या बारा शिष्यांत हेच चाललं होतं. याकोब आणि योहान, सख्खे भाऊ, त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, तुझ्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. उरलेले दहा चिडले. मला वाटतं, आपण आधी का नाही मागितलं म्हणून चिडले. येशूनं त्यांना सांगितलं, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सगळ्यांची सेवा करावी. माझ्या दृष्टीनं कोचला लागणारं सगळं त्या एका प्रसंगात आहे.

म्हणजे श्रद्धेचा उपयोग एवढाच: आमच्यातल्या ख्रिस्ती पोरांना हे दर रविवारी ऐकवलं जातं आणि शनिवारी ग्राउंडवर त्याची परीक्षा होते. बहुतेक वेळा नापास होतात. पण नापास झालोय हे त्यांना कळतं. स्मॅश मारणारा पोरगा पॉइंट घेतल्यावर बॉल उचलून देणाऱ्या सेटरकडे बोट दाखवतो, तेव्हा मला कळतं की काहीतरी आत गेलंय.

व्हॉलीबॉलमध्ये हे शिकवणं क्रिकेटपेक्षा सोपं. ब्लॉक, म्हणजे जाळ्यापाशी समोरच्याचा फटका अडवणं, सोडला तर एकाला सलग दोनदा बॉलला हात लावता येत नाही. तिसऱ्या स्पर्शात बॉल पलीकडे गेलाच पाहिजे. कितीही मोठा खेळाडू असो, दुसऱ्यानं उचलून दिल्याशिवाय तो काय मारणार? हा खेळ अमेरिकेत विल्यम मॉर्गननं १८९५ मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या व्यायामशाळेत काढला, बास्केटबॉल ज्यांना झेपत नव्हता अशा मध्यमवयीन माणसांसाठी. बास्केटबॉलही वायएमसीएचाच, जेम्स नेस्मिथचा, १८९१ चा. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला माणूस, आणि त्यानं पहिल्याच नियमांत लिहून ठेवलं की बॉल हातात घेऊन पळायचं नाही. यावरून आमचे एक पाळकसाहेब प्रवचनात सांगायचे की व्हॉलीबॉलचे तीन स्पर्श म्हणजे पित्याचा, पुत्राचा आणि पवित्र आत्म्याचा. ऐकायला छान. पण मॉर्गनच्या मूळ खेळात तीनचं बंधन नव्हतंच, ते १९२० च्या सुमारास आलं.

काही जण विचारतात, मग तुमच्या पोरांना जिंकायची भूकच नसेल? असते हो! हजाऱ्यांचंच बघा. त्याच स्पर्धेत आधी त्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ करून मर्चंटचा स्पर्धेतल्या सर्वाधिक वैयक्तिक धावांचा विक्रम मोडला होता. मर्चंटनी अंतिम सामन्यात २५० करून तो परत घेतला, आणि हजाऱ्यांनी त्याच सामन्यात ३०९ करून पुन्हा आपल्याकडे आणला. ही भूक नाही तर काय? एवढं करूनही रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले. देव कोणाच्या बाजूनं होता, हा प्रश्न इथे विचारून बघा.

शेवटचा प्रश्न बहुधा पालकांचा असतो. आमच्या संघातली बरीच पोरं हिंदू आहेत, दोघं मुसलमान. त्यांनी त्या गोलात काय करायचं? करायचं काहीच नाही. कोणी डोळे मिटतं, कोणी बुटाची नाडी बांधतं, कोणी आपलं आपलं काही पुटपुटतं. खांद्यावर हात मात्र सगळ्यांचा असतो, त्याला सूट नाही. त्यांनाही मी हजाऱ्यांचाच दुसरा धावफलक सांगतो. मार्च १९४७, फाळणीला काही महिने उरलेले, बडोद्यात रणजीचा अंतिम सामना, बडोद्यासमोर होळकर संघ. ३ बाद ९१ वरून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ ची भागीदारी केली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कुठल्याही गड्यासाठी एवढी मोठी भागीदारी २००६ पर्यंत कोणाला जमली नव्हती. गुल महंमद ३१९, हजारे २८८. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. या वेळी धर्मावर पाडलेले संघ नव्हते, दोघंही बडोद्याचे होते, आणि बडोदा डावानं जिंकलं.