मित्राचं सुतक कोण धरणार?

मंगळवार, रात्री

भाऊ गेला तर भावाला दहा दिवस सुतक असतं. चुलत्यांना असतं, आणि गावाकडच्या ज्या भाऊबंदांचं तोंड वर्षातनं एकदा जत्रेला दिसतं त्यांनाही असतं. देवाला हात लावायचा नाही, फोडणी द्यायची नाही, पाहुणे कडू घास घेऊन येणार. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, दहाव्याला पिंड, बाराव्या-तेराव्याला जेवण, आणि मग घर हळूहळू चालू. जुन्या माणसांनी हे फार विचारानं बसवलंय. दुःख घेऊन कुठं बसायचं आणि कधी उठायचं हे सांगून ठेवलंय.

वर्गातला मित्र गेला तर यातलं काहीच नाही. आंघोळ करायची आणि दुकान उघडायचं.

आमचा बाजीप्रभू गेला. त्याचं खरं नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. शाळेपासून सगळे त्याला याच नावानं हाक मारायचे, कारण आठवीपासून तो गल्लीच्या चित्ररथात बाजीप्रभू व्हायचा. बेळगावची शिवजयंती वैशाखातली, तिथीची, आणि चित्ररथांची मिरवणूक म्हणजे अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर. नरगुंदकर भावे चौक, रामदेव गल्ली, टिळक चौक, जिथं गर्दी असेल तिथं ट्रॅक्टर थांबायचा आणि हा दोन्ही हातांत तलवारी घेऊन खिंड लढवायचा. स्पीकरवर विशाळगडाच्या तोफा वाजल्या की पडायचा. ट्रॅक्टर सरकला की उठून बसायचा, मिशी नीट चिकटवायचा आणि खाली चालणाऱ्या आम्हा पोरींकडं पाणी मागायचा. पहाटेपर्यंत असंच. लग्न झालं, पोरं झाली, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर नोकरी लागली, तरी वैशाख आला की दाढी वाढवायला सुरुवात.

43 वर्षांचा होता. रात्री छातीत जळजळतंय म्हणून सोडा प्यायला, ॲसिडिटीची गोळी घेतली, घाम आला म्हणून शर्ट काढून फॅनखाली बसला. पहाटे चारला वहिनींनी हाक मारली तर उठला नाही.

आमच्या एसएसएलसी 1998च्या, म्हणजे दहावीच्या, ग्रुपवर सकाळी फोटो आला. त्याखाली दुपारपर्यंत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी नेहमीचं शुभ सकाळचं फूल टाकलं. मला त्या फुलाचा राग आला नाही. ग्रुपला सुतक कुठलं?

शहापूरच्या मुक्तिधामला नेलं. आमच्याकडं बायका जात नाहीत, हल्ली काही ठिकाणी जातात. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. आत वहिनींच्या भोवती त्यांच्या माहेरच्या बायका होत्या, आईच्या भोवती बहिणी होत्या. मी कुठं बसायचं? मी त्याची कोण? मोठ्यानं रडायचा हक्क आधी कुणाचा याचीही एक रांग असते आणि त्या रांगेत मैत्रिणीला, तीही पुरुषाची मैत्रीण असेल तर, जागाच नसते. एका बाईंनी विचारलं, “तुम्ही नात्यातल्या काय?” शाळेतली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप पुढं केला. पाहुण्यासारखा.

दोनच दिवसांनी सासरकडची हळद होती. सुतक नाही, म्हणजे न जायला कारणही नाही. जरीचं नेसून गेले, नवरीला हळद लावली. कुणी काही म्हटलं नाही, कारण कुणाला काही माहीतच नव्हतं.

बुधवार

हा पहिला नाही. झोप येत नाही तेव्हा तिघंही एकदम डोळ्यांपुढं येतात, म्हणून लिहून ठेवते.

मे 2021. माझ्या बाकावर बसणारी, खानापूरला दिलेली. ऑक्सिजन कमी झाला, दवाखान्यात नेलं, आणि मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तिला तिच्या नवऱ्यानंही लांबूनच बघितलं. भाऊ कोल्हापूरला. तेव्हा महाराष्ट्रातून येणाऱ्याला कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा लागायचा. त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत इकडं सगळं आटोपलं होतं. कोल्हापूर ते बेळगाव म्हणजे अडीच तासांची वाट. लग्नाला, बारशाला, जत्रेला इकडची माणसं तिकडं आणि तिकडची इकडं कायम येतात-जातात, सीमा आहे हे पाटीवरच कळतं. त्या महिन्यात ती खरोखरची सीमा झाली. तिला कुणीच पोहोचवलं नाही, कुणी कडू घासही नेला नाही. तिच्या मरणावर माझा अजून विश्वास बसलेला नाही, आणि तो न बसण्याचं कारण हेच आहे असं मला वाटतं. काही बघितलंच नाही तर मन कशावर विश्वास ठेवणार?

मग गोव्यात नोकरी करणारा, चोर्ला घाटात, पावसात, शनिवारी घरी येताना. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

शुक्रवार

आज वहिनींबरोबर महापालिकेत गेले. वहिनी चंदगडकडच्या. शिक्षण सगळं महाराष्ट्रात झालेलं, कन्नड बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. दीर कामावर, पोरगा दहावीत. त्या फोनवर म्हणाल्या, “ताई, तुम्हाला येतंय न्हवं वाचायला, याल काय?” मी लगेच शटर ओढलं.

मरण घरी झालं असेल तर घरच्यांनीच नोंद करायची असते, आणि ती 21 दिवसांत केली तर फी लागत नाही. उशीर झाला की फी, परवानगी, आणखी हेलपाटे. दुःखात असलेल्या घराला हे कोण सांगणार? दाखला नसेल तर पुढं काहीच हलत नाही. बँक नाही, गॅसचं कनेक्शन नाही, पीएफ नाही.

फॉर्म कन्नडमधला. बाहेरच्या कट्ट्यावर बसून भरला. मृताचं नाव या रकान्यापाशी पेन थांबला. हे नाव मी शेकडो वेळा लिहिलंय. वर्गात मॉनिटर होते तेव्हा बोलणाऱ्यांच्या यादीत फळ्यावर सगळ्यात वर त्याचंच असायचं, आणि सर यायच्या आत तो पुढं येऊन बोटानं पुसून जायचा. सगळं मराठीत. आज पहिल्यांदा कन्नडमध्ये लिहिलं. एकेक अक्षर सावकाश, गोलाई नीट काढून, कारण नावात एक मात्रा चुकली तर वारसाला पुढं वर्षभर कचेऱ्या. वहिनी माझ्या बोटाकडं बघत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागद जवळ घेतला, नावाखाली बोट धरलं आणि विचारलं, “हे त्यांचंच न्हवं?” मी एकेक अक्षर दाखवत वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी.

अर्ज करणाऱ्याचं मृताशी नातं, असा एक रकाना असतो. तिथं मी पत्नी लिहिलं. मला स्वतःच्या नावानं असा फॉर्म भरायची वेळ आली असती तर त्या रकान्यात काही बसलं नसतं. पण तो रकाना भरला मी, हेही खरं. परतताना रिक्षात वहिनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. मीही रडले, त्या दिवसापासून पहिल्यांदा. कुणाला काय वाटेल याचा विचार न करता, टिळकवाडीच्या फाटकापर्यंत.

रविवार

आज आम्ही वर्गातले काहीजण त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची आई, आमच्या काकू, जात्यापाशी बसल्या होत्या. प्रत्येकाचा हात धरून कोण कुठल्या बाकावर बसायचा ते विचारलं. म्हणाल्या, “शाळंतली पोरं आली की तो आतल्या खोलीत हाय असं वाटतंय. येत जावा.” आमच्यातल्या एकानं मिरवणुकीत मिशी निघून पडल्याची गोष्ट सांगितली. सगळे हसलो. काकू जास्त हसल्या, नातवाला हाक मारून पुन्हा सांगायला लावली. पोराला बाप घरातला माहीत, वर्गातला नाही. तो आमच्यापाशीच आहे. आम्ही गेलो नाही तर त्याला कुठून मिळणार?

तिथं शेजारचे एक गृहस्थ बसले होते. दारू होती काय, गुटखा होता काय, टेन्शन होतं काय, असं एकेक विचारत होते. दारू नव्हती. गुटखा नव्हता. मग म्हणाले, वेळ आली होती. मरणाच्या घरी हे सगळीकडं ऐकू येतं आणि मला ते सहन होत नाही. गेलेल्या माणसात काहीतरी खोट सापडली की बसलेल्यांना हायसं वाटतं, की आपल्यात ती नाही, म्हणजे आपण सुटलो. आणि खोट सापडली नाही की देवावर टाकायचं. वहिनी आतून हे सगळं ऐकत असतात, आणि रात्रभर त्या सोड्याच्या बाटलीचा विचार करत असतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यांना मी एवढंच सांगितलं की डॉक्टरांनासुद्धा ईसीजी काढल्याशिवाय नुसत्या जळजळीवरून ओळखता येत नाही, तुम्हाला कसं कळणार?

भीती मात्र आम्हा सगळ्यांनाच आहे. 29 ऑक्टोबर 2021ला कन्नड सिनेमाचा नट पुनीत राजकुमार हृदयाच्या झटक्यानं गेला, वय 46, रोज व्यायाम करणारा माणूस. तेव्हा अख्ख्या कर्नाटकात हृदय तपासून घ्यायला रांगा लागल्या होत्या. बेळगावातल्या मराठी घरांतूनही त्याच्यासाठी हळहळलेली माणसं मला माहीत आहेत. महिन्या-दोन महिन्यांत रांगा संपल्या. आता आमच्या वर्गातल्या मुलांनी पुन्हा रक्त तपासून घेतलंय. एकाची साखर वाढलेली निघाली, एकाचं बीपी. आपल्याकडच्या लोकांना हा झटका पाश्चात्त्यांपेक्षा पाच-दहा वर्षं आधी येतो, हे डॉक्टर कित्येक वर्षं सांगतायत. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, यातलं काही झालं तर सोडा नाही, 108. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातसुद्धा आता पुनीतच्याच नावाच्या हृदयज्योती योजनेत ईसीजी काढून रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फुकट देतात. हे मी ग्रुपवर टाकलं. मुलींनाही निक्षून सांगितलं, कारण आपण बायका पाठ दुखली तरी धुणं झाल्यावर बघू म्हणतो.

आमच्यातल्या एकाला रात्री झोपच लागत नाही. डोळा लागला की दचकून उठतो, छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसतो. हा आणि बाजीप्रभू रोज एकाच गाडीवरून उद्यमबागेला जायचे. सकाळी त्याच कोपऱ्यावर त्याचा हात आपोआप ब्रेकवर जातो. बायकोला सांगायला लाज वाटते म्हणाला, मित्रासाठी एवढं कोण करतं? मी त्याला 14416 हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासाबद्दल बोलायचा, नंबर दिला. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. काल त्यानं फोन लावला. काय बोलला ते मी विचारलं नाही. आज काकूंच्या घरी आला होता, जेवला.

तिथून निघताना आम्ही रस्त्यावर उभं राहून ठरवलं. महिन्यातनं एकदा, अमावस्येनंतरच्या रविवारी, कुणी ना कुणी या घरी, आणि खानापूरच्या, आणि गोव्याहून येताना गेलेल्याच्या घरीही. खानापूरची जबाबदारी मी घेतली. चार वर्षं उलटून गेली, आता कशाला, असं एकजण म्हणाला. तिची मुलगी आता बारावीत आहे. तिला कुणीतरी सांगायला पाहिजे की आई पावसाळ्यात छत्री विसरायची आणि आम्ही दोघी एका रेनकोटमध्ये घरी यायचो.

आता पीएफचं बघायचंय. कामगार नोकरीत असताना गेला तर पीएफच्या रकमेबरोबर वारसाला ईडीएलआय विमा मिळतो, जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत. त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापलेला नसतो, मालक भरतो, त्यामुळं घरी कुणाला माहीतच नसतं. विधवा पेन्शनही असते, मुलांची वेगळी. वहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. कारखान्यातल्या त्याच्या सोबत्यानं मंगळवारी अकराला बोलावलंय. दाखल्याच्या प्रती, आधार, पासबुक, पोरांचे जन्माचे दाखले, सगळं एका पिशवीत भरून ठेवायला सांगितलंय. दुकानाला त्या दिवशी सुट्टी, फॉल-पिकोच्या साड्या उद्याच उरकून देते. पोरगा म्हणतोय मीपण येतो, शाळा बुडवून. वहिनी नको म्हणत होत्या. मी म्हटलं, येऊ दे की, त्याच्या बाबांचं मशीन कुठलं होतं ते तरी बघेल.